शिकारी कुत्र्याचे शिक्षण कोठे थांबवावे

पक्ष्यांच्या शिकारीसाठी घेतलेले पॉइंटर, सेटर, स्पॅनिअल किंवा रिट्रीव्हर जातीचे पिल्लू साधारण ८ आठवड्यांचे झाले की आईपासून दूर होते. कामाला पुरते तयार व्हायला त्याला दोन ते तीन वर्षे लागतात आणि त्यानंतर रानात राबण्याची सात-आठ वर्षे उरतात. म्हणजे आयुष्याचा मोठा हिस्सा शिकण्यातच जातो. या काळात केव्हातरी, बहुधा आठव्या आणि अठराव्या महिन्याच्या दरम्यान, मालकापुढे प्रश्न उभा राहतो: हे कुत्रे तयार होणार आहे की नाही? ब्रिटन, जर्मनी, अमेरिका अशा देशांत बंदुकीची शिकार कायद्याने चालते आणि कुत्र्यांच्या परीक्षाही होतात. तिथल्या प्रशिक्षकांना हा प्रश्न नित्याचाच आहे. निर्णय घाईने झाला तर चांगले कुत्रे वाया जाते. तो लांबला तर ज्या कामाची कुत्र्याला ओढच नाही त्यासाठी त्याला महिनोन्महिने दटावले, ओढले, मारले जाते. पहिल्या चुकीबद्दल पुष्कळ बोलले जाते. दुसरीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर तीच अधिक क्रूर आहे.

निर्णयाचा पाया एका भेदावर उभा आहे. शिकारी कुत्र्याचे काही गुण रक्तातून येतात: नाकाची ताकद, पक्षी शोधण्याची ओढ, वास येताच जागच्या जागी थबकून उभे राहण्याची, म्हणजे पॉइंट धरण्याची, पॉइंटर-सेटरची वृत्ती, पडलेला पक्षी तोंडात धरून आणण्याची रिट्रीव्हरची आवड, काट्याकुट्यांत आणि थंड पाण्यात शिरण्याचे धाडस, माणसाशी जुळवून घेण्याची इच्छा. काही गुण शिकवावे लागतात: हाकेसरशी परतणे, शिटीवर थांबणे, पक्षी उडाला किंवा बार झाला तरी जागा न सोडणे, हाताच्या खुणेने डावी-उजवीकडे वळणे. मालकांच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या गटातल्या असतात. ऐकत नाही, पक्ष्यामागे सुसाट पळतो, स्पॅनिअल असून बंदुकीच्या पल्ल्याबाहेर जाऊन पक्षी उठवतो. एवढ्यावरून कुत्रे सोडण्याचे कारण नाही. ते पळते कारण त्याला ओढ आहे, आणि ओढीला वळण लावता येते. उलट पायाशी घुटमळणारे, सांगितल्याखेरीज गवतात नाक न खुपसणारे गरीब पिल्लू घरात सर्वांना आवडते आणि त्याच्याविषयी कोणाची तक्रार नसते. थांबण्याचा विचार खरे तर त्याच्या बाबतीत करायला हवा.

याचे कारण शिक्षणाच्या स्वरूपातच आहे. सरावाने, बक्षिसाने किंवा धाकाने वर्तन घडवता येते. अमेरिकेत रिट्रीव्हरला कान चिमटून तोंडात वस्तू धरायला लावण्याची एक जुनी पद्धत आहे. विजेचा सौम्य धक्का देणारे पट्टेही तिथे सर्रास वापरले जातात. वेल्समध्ये त्यांच्यावर २०१० पासून बंदी आहे. अशा उपायांनी कुत्रे वस्तू उचलते, आणते, हातात देते. पण दाट झुडपात पडलेला, जखमी होऊन पळालेला तित्तर पंधरा मिनिटे माग काढून शोधायचा असतो तेव्हा मालक दिसत नसतो, आज्ञा ऐकू येत नसते आणि धाक तिथपर्यंत पोचत नसतो. त्या पंधरा मिनिटांत कुत्र्याला पुढे नेते ती त्याची स्वतःची इच्छा. ती नसेल तर शिक्षण कितीही चोख असो, ते झुडपाच्या कडेलाच संपते.

हा भेद सर्वांत काटेकोरपणे जर्मनीत पाळला गेला. तिथल्या शिकारी कुत्र्यांच्या संघटनांचा महासंघ १८९९ मध्ये स्थापन झाला आणि त्याने परीक्षांच्या पायऱ्या ठरवल्या. पहिली परीक्षा वसंतात, कुत्रे साधारण वर्षाचे असताना होते. तिच्यात नजरेआड गेलेल्या सशाचा माग काढणे, नाक, शोधण्याची पद्धत, पॉइंट धरणे आणि माणसाशी जुळवून घेणे एवढेच पाहतात. बंदुकीच्या आवाजाला कुत्रे कसे वागते याची नोंद होते. दुसरी परीक्षा त्याच वर्षीच्या शरदात असते आणि तिच्यात पाण्यातले काम व पक्षी आणणे येते. शिस्तीची आणि सर्वांगीण कामाची मोठी परीक्षा त्यानंतरची. पहिली परीक्षा इतक्या लवकर ठेवण्यामागे दूरदृष्टी आहे. कुशल प्रशिक्षक दोन-तीन वर्षांत कुत्र्याचे जन्मजात उणेपण बऱ्याच अंशी झाकू शकतो. ते झाकले जाण्यापूर्वी पाहावे, आणि एका कुत्र्यापुरते न पाहता एका विणीतली सगळी भावंडे पाहून आई-बापांविषयी अंदाज बांधावा, असा तो विचार आहे. उत्तर अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन'ने हाच विचार उचलला. तिची नैसर्गिक क्षमतेची चाचणी १६ महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांसाठी असते. नाक, शोध, पाणी, पॉइंट, माग, कामाची ओढ आणि सहकार्य यांना तिथे गुण मिळतात; शिकवलेल्या आज्ञांना स्वतंत्र गुण नाहीत. ज्या मालकाला आपल्या कुत्र्याविषयी शंका आहे त्याने कवायतीचा तक्ता बाजूला ठेवून हे सात मुद्दे हाती घ्यावेत. अर्धी शंका तिथेच फिटते.

वयाचा प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. आठव्या आठवड्यात काठीला दोरी आणि दोरीला पंख बांधून पिल्लासमोर नाचवला की पॉइंटरचे पिल्लू ऐटीत पॉइंट धरते आणि बघणारे हरखून जातात. तो डोळ्यांनी पाहून धरलेला पॉइंट असतो. पुढे वासावर ते कसे वागेल हे त्यातून कळत नाही. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्ड जातीच्या पिल्लांच्या आठव्या आठवड्यातल्या चाचण्या आणि मोठेपणीची कामगिरी यांची तुलना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चाचण्यांवरून पुढचा अंदाज जवळजवळ बांधताच आला नाही. तेव्हा विणीतून निवडतानाच 'हे चालणार नाही' असे ठरवण्याला फारसा आधार नाही.

याला अपवाद आहे तो माणसांच्या सहवासाचा. अमेरिकेतल्या मेन राज्यातील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ काम केले आणि ते १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आले. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यानचा काळ माणसाशी नाते जुळण्याचा असतो, हे त्या प्रयोगशाळेच्या कामातून स्पष्ट झाले. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसांपासून दूर ठेवलेली पिल्ले पुढे माणसाला नीट जवळ करू शकली नाहीत. कुत्र्यांच्या वाड्यात चार-पाच महिने तसेच पडून राहिलेले पिल्लू स्वस्तात मिळाले म्हणून आणणारा मालक बहुधा ही किंमत मोजतो. अशा कुत्र्याचे नाक उत्तम असू शकते. उणीव असते ती माणसाबरोबर काम करण्याच्या तयारीत, आणि ती उशिरा भरून काढणे फार कठीण जाते.

दुसरा धोक्याचा काळ पौगंडाचा. ब्रिटनमध्ये अंधांच्या मार्गदर्शनासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५ महिन्यांच्या वयापेक्षा ८ महिन्यांच्या वयात ती कुत्री आपल्या पालकाची 'बस' ही आज्ञा कमी पाळताना दिसली. अनोळखी माणसाने तीच आज्ञा दिली तेव्हा अशी घसरण आढळली नाही. म्हणजे कुत्रे शिकलेले विसरलेले नसते. ते आपल्या माणसाशी ताणून पाहत असते. नेमक्या याच वयात अनेक मालक हात टेकतात. शिवाय जाती सारख्या वेगाने पिकत नाहीत. इंग्लिश पॉइंटर वर्षभरात बरेच काही दाखवतो, तर गॉर्डन सेटरसारखी जात सावकाश उमलते असा प्रशिक्षकांचा जुना अनुभव आहे. वर्षाच्या आत ओढीविषयी निकाल देऊ नये आणि दीड ते दोन वर्षांच्या पुढे तो टाळत बसू नये, ही मर्यादा बहुतेक जातींना लागू पडते.

निकालाआधी शरीर तपासायला हवे. हे इतके उघड असूनही ते वारंवार राहून जाते, कारण आजारी कुत्रे आजारी न दिसता आळशी किंवा हट्टी दिसते. लॅब्राडॉरमध्ये एक आनुवंशिक दोष आहे. जोरकस धावपळीनंतर पाच ते पंधरा मिनिटांत मागचे पाय लुळे पडतात, कुत्रे कोसळते, आणि थोड्या वेळाने पुन्हा ठणठणीत दिसते, क्वचित दगावतेही. त्यामागचे जनुकीय कारण २००८ मध्ये सापडले आणि आता डीएनए तपासणीने ते कळते. हा दोष नेमका कठोर शिक्षण सुरू होते त्या वयात उघडा पडतो, म्हणून त्याला दमाचा अभाव समजले जाते. खुब्याच्या सांध्याचा दोष असलेले कुत्रे उडी मारायला नकार देते. दृष्टिपटलाच्या ऱ्हासात आधी संध्याकाळचे दिसणे जाते, मग दिवसाही धडपडणारे कुत्रे भित्रे ठरते. बहिरेपणाची गोष्ट तर सर्वांत बोलकी आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात १९६० च्या दशकापासून पॉइंटर कुत्र्यांचे दोन वंश अभ्यासासाठी वाढवले गेले: एक स्थिर स्वभावाचा, दुसरा अतिशय भित्रा. माणूस जवळ येताच दुसऱ्या वंशातली कुत्री ताठरून जात. हे भय पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरत होते. १९८० च्या दशकात तपासले तेव्हा त्या भित्र्या कुत्र्यांतल्या मोठ्या भागाला ऐकूच येत नव्हते. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली असलेल्या कुत्र्यांचे बहिरेपण इतकी वर्षे नजरेतून सुटले, मग हौशी मालकाच्या ते ध्यानात न येणे नवल नाही.

बंदुकीच्या आवाजाची भीती हे कुत्रे सोडून देण्याचे सर्वांत प्रसिद्ध कारण आहे आणि त्यावर सविस्तर बोलायला हवे. आवाजाने दचकण्याची प्रवृत्ती काही अंशी जन्मजात असते, पण बारापासून पळ काढणारी बहुतेक शिकारी कुत्री माणसाने तशी केलेली असतात. प्रकार ठरलेला आहे. सहा-सात महिन्यांचे पिल्लू 'घाबरते का पाहू' म्हणून नेमबाजीच्या मैदानावर नेले जाते, किंवा पहिल्याच शिकारीत त्याच्या डोक्यावरून दोन-तीन बंदुका एकदम झडतात. ज्या आवाजाचा अर्थ कळत नाही तो आवाज त्याच्या लेखी संकट होतो, आणि पुढे बंदूक नुसती दिसली तरी ते मोटारीखाली जाऊन बसते. योग्य रीत याच्या उलट आहे. पिल्लाला आधी पक्ष्यांचे वेड लागू द्यायचे. ते पक्ष्यामागे भान हरपून धावत असताना खूप दूरवर खेळण्यातल्या पिस्तुलाएवढा आवाज करायचा. त्याने मान वळवली नाही तर पुढच्या वेळी थोडा जवळ. वळवली तर पुन्हा मागे. कित्येक आठवड्यांनी आवाज आणि पक्षी यांची गाठ पक्की बसते, मग बंदूक बाहेर काढताच कुत्रे आनंदाने उड्या मारते.

भीती बसल्यानंतरचे उपचारही याच वाटेने जातात, फक्त अधिक हळू. इथे निर्णयाला उपयोगी पडणारी एक खूण आहे. आवाजाने दचकूनही काही क्षणांत पुन्हा पक्ष्याच्या वासाकडे वळणारे कुत्रे सुधारण्याची शक्यता बरीच असते. आवाजानंतर पक्षी समोर फडफडत असूनही त्याकडे पाहत नाही, तासन्‌तास खात नाही, ते कुत्रे बंदुकीच्या कामाला लावू नये. तिथे ओढीपेक्षा भय मोठे आहे, आणि ते भय दर रविवारी नव्याने जागवणे हा छळ आहे. याहून फसवा दोष म्हणजे पक्ष्याचा वास येताच मान फिरवून दुसरीकडे निघून जाणे. तो जवळजवळ नेहमी पक्ष्याजवळ असताना झालेल्या शिक्षेतून येतो. पक्षी उडवला म्हणून मार खाल्लेले कुत्रे अनुभवाने शिकते की पक्षी सापडला की मार बसतो, आणि मग पक्षी सापडलाच नाही असे वागते. ब्रिटिश सेनाधिकारी हचिन्सन यांनी १८४८ मध्ये 'डॉग ब्रेकिंग' हे पुस्तक लिहून सौम्य शिक्षणाचा पुरस्कार केला. इतक्या वर्षांनंतरही या एका चुकीपायी दरसाल चांगली कुत्री निकामी होतात, ही खेदाची गोष्ट आहे.

काही दोष कामावर अवलंबून असतात. ब्रिटनमध्ये रिट्रीव्हरच्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे रानातल्या स्पर्धेत, कुत्रे कुंईकुंई करू लागले की बाद होते, कारण तिथे हाकारे रान उठवत असताना कुत्र्याने तासभर मुकाट बसायचे असते. तोंड कठोर असले, म्हणजे पक्षी चिरडला गेला, तरीही बाद. परीक्षक बोटांनी पक्ष्याच्या बरगड्या चाचपून पाहतात. हे दोन्ही दोष एकदा मुरले की फारसे जात नाहीत, म्हणून तिथले प्रशिक्षक अशा कुत्र्यावर आणखी वर्ष घालवत नाहीत आणि ते योग्यच करतात. पण एकट्याने पाणथळीवर बदके टिपणाऱ्या शिकाऱ्याला तीच कुंईकुंई चालून जाते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील एम्स प्लँटेशनवर होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत कुत्र्यांना जंगली लावा पक्षी शोधत सलग तीन तास धावावे लागते आणि त्यांचे सांभाळणारे घोड्यावरून मागे जातात. तिथे अपुरा पडणारा पॉइंटर पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्याला नेमका हवा असतो. फील्ड ट्रायलची सुरुवात १८६५ मध्ये इंग्लंडमधील साउथहिल येथे झाली. तेव्हापासून विजेत्या कुत्र्यांची कीर्ती सर्वदूर गेली आणि तिच्याबरोबर सामान्य मालकाच्या अपेक्षाही चढल्या. विजेत्याशी तुलना करून घरच्या कुत्र्याला नालायक ठरवणे अन्यायाचे आहे. कुत्रे कोणत्या कामासाठी सोडायचे हे ठरल्याशिवाय सोडण्याचा निर्णय पुरा होत नाही.

या विषयावर दोन मते जोराने मांडली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. एक म्हणते, वाईट कुत्रे नसते, वाईट प्रशिक्षक असतो. बंदुकीची भीती आणि पक्ष्यापासून मान फिरवणे यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. पण ते सर्वत्र लावले की ओढ नसलेल्या कुत्र्याचा मालक स्वतःला दोष देत राहतो, नवी साधने आणतो, नवे प्रशिक्षक बदलतो, आणि त्याच्या अपराधी भावनेचा भार कुत्र्याने वाहायचा असतो. दुसरे मत म्हणते, इतका खर्च आणि वेळ घातला, आता मागे कसे फिरायचे? हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की आधी घातलेला पैसा माणसाला तोट्याच्या गोष्टीतही गुंतवून ठेवतो. कुत्र्याच्या बाबतीत ही ओढ अधिक बळकट असते, कारण पैशाबरोबर माया गुंतलेली असते. गेलेली दीड वर्षे निर्णयाच्या कोणत्याच पारड्यात पडत नाहीत. पुढच्या वर्षाचे काय, एवढेच पाहायचे असते.

व्यवहारात निर्णयाची उत्तम रीत म्हणजे तो आधीच तारखेला बांधणे. शंका आली की एकच गोष्ट बदलावी आणि दोन-तीन महिने थांबावे. बहुतेक वेळा बदलण्याजोगी गोष्ट म्हणजे पक्षी: ओढ नाही अशी तक्रार असलेल्या अनेक कुत्र्यांना उभ्या वर्षात मोजकेच पक्षी भेटलेले असतात, तेही पिंजऱ्यात वाढलेले आणि धड उडू न शकणारे. जंगली पक्षी असलेल्या रानात, जाणत्या कुत्र्याच्या सोबतीने सोडल्यावर काही पिल्ले एका सकाळीत पालटतात. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. परक्या, अनुभवी हाताखाली आठवडाभर दिल्यावर कुत्रे नीट वागले, तर दोष कुठे आहे हे कळते आणि मालकाने ते मनाला लावून न घेता ऐकावे. नोंदवही ठेवावी, कारण आठवण अलीकडच्या चांगल्या किंवा वाईट दिवसाकडे झुकते. ठरलेली तारीख आली, शरीर निरोगी आहे, पक्षी भेटले, हात बदलला, आणि तरी कुत्रे स्वतःहून शोधायला निघत नसेल किंवा भय ओढीवर मात करत असेल, तर त्याच दिवशी थांबावे. आज्ञा न पाळणे एवढेच उरले असेल तर थांबू नये. शिक्षणाची पद्धत बदलून पुढे जावे.

थांबल्यानंतरचे कर्तव्य या निर्णयाचाच भाग आहे. पूर्वी युरोप-अमेरिकेत नापास कुत्र्याला गोळी घालणे सामान्य मानले जाई. स्पेनमध्ये सशाच्या शिकारीचा हंगाम जानेवारीच्या अखेरीस सरत येतो, आणि गाल्गो जातीची कुत्री मोठ्या प्रमाणात रस्त्यावर सोडली जातात किंवा मारली जातात, अशी प्राणिमित्रांची जुनी तक्रार आहे. तिथला २०२३ चा प्राणिकल्याण कायदा आला तेव्हाही शिकारी कुत्री त्याच्या कक्षेतून वगळली गेली. याउलट अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्था नापास झालेल्या कुत्र्याला दुसरे काम किंवा कुटुंब शोधून देतात, आणि शिकारी कुत्र्यांच्या जगाने ही रीत उचलायला काहीच हरकत नाही. बंदुकीला भिणारा लॅब्राडॉर वास ओळखण्याच्या कामात तरबेज ठरू शकतो. ओढ नसलेला स्पॅनिअल घरात सुखाने राहतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी कुत्रे तयार करण्याचा प्रश्न उरला नाही, पण रक्त आणि काम यांच्या जुळणीचा प्रश्न उरला आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानात जोपासले गेलेले मुधोळ कुत्रे नजरेने सावज हेरून वेगाने धावणारे आहे. २०१६ मध्ये या जातीची कुत्री मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली गेली. तिथे लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड शिकवण्याची परंपरा आहे. नजरेच्या कुत्र्याला नाकाच्या कामावर जोखायचे असेल तर वेगळी मोजपट्टी लागते, आणि ती तयार होण्याआधी त्या जातीविषयी निकाल देणे घाईचे ठरेल.

शेवटचा मुद्दा प्रजननाचा. शिक्षणाने सुधारलेल्या दोषाची आणि न सुधारलेल्या दोषाची पिढीवरची छाया वेगळी असते. माणसाच्या चुकीने बंदुकीला भिणारे कुत्रे दुसऱ्या कामाला लावता येते आणि त्याच्या नाक-ओढीचा वारसा पुढे न्यायला हरकत नाही, जर भावंडे निर्भय असतील. जन्मजात भित्रे, ओढ नसलेले किंवा आनुवंशिक रोगाचे कुत्रे मात्र कितीही लाडके असले तरी विणीसाठी वापरू नये. ज्याच्याकडून पिल्लू घेतले त्या पैदासकाराला शिक्षण का थांबवले हे स्पष्ट कळवावे, भावंडांची चौकशी करावी, आणि कुत्रे नव्या घरी देताना त्याचा दोष, त्याची कारणे आणि केलेले प्रयत्न लेखी द्यावेत. दोष लपवून विकलेले कुत्रे पुन्हा कोणा नवशिक्याच्या बंदुकीसमोर उभे केले जाते आणि तेच हाल पहिल्यापासून सुरू होतात.